कणकवलीच्या आसपास हस्तकलेचे गट आणि शिकण्याच्या जागा कशा शोधाव्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून कणकवलीजवळच्या गावी कायमचे राहायला आलात. मातीकाम, चित्रकला आणि थोडं विणकाम आवडतं. पुण्यात दर शनिवार-रविवारी एखादी कार्यशाळा सापडायची, इथे मोबाइलवर शोधलं तर रेझिन आर्टचे दोन क्लास सोडून काही दिसत नाही. मग बाकीची माणसं जमतात तरी कुठे?

जमतात, पण पाटी लावून नाही. इथले कलेचे गट सणाला, शाळेला किंवा बचतगटाला चिकटलेले असतात आणि वर्षातले ठरावीक महिनेच जागे असतात. त्यामुळे ‘कुठे’च्या आधी ‘कधी’ विचारावं लागतं. (रेझिनबद्दल एवढंच सांगतो: आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते नीट बसत नाही, वर चिकट, धुरकट थर येतो. जूनमध्ये फी भरू नका.)

मातीकामासाठी पहिली जागा म्हणजे गणपतीची शाळा, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवायची कार्यशाळा. प्रत्येक मोठ्या गावात एक तरी असतेच, एरवी ते कुणाचं तरी पडवी-खळं असतं. मे-जूनमध्ये माती येते, नागपंचमीच्या सुमारापर्यंत लोक मूर्ती बसवायचे आपापले पाट आणून ठेवतात, आणि चतुर्थीच्या आधीच्या महिन्यात तिथे श्वास घ्यायला वेळ नसतो. नवीन माणसं नेमकी तेव्हाच जातात, कारण तेव्हाच शाळा दिसते. मूर्तिकार नाही म्हणत नाहीत, पण शिकवतही नाहीत. जायचं ते मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि ‘शिकवतास काय?’ असं न विचारता ‘रोज दोन तास येऊन हाताखाली काम करू का?’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला फी किती सांगायची ते त्यांना कळत नाही आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा होकार मिळतो.

हाताखालचं काम म्हणजे काय, हे आधीच माहीत असलेलं बरं. माती मळणं, साच्यात दाबणं, साच्यातून निघालेले भाग जोडणं, ओल्या ब्रशाने सांधे पुसणं, वाळल्यावर पॉलिश पेपर मारणं, पांढरा हात (रंगाआधीचा पांढरा थर) देणं, मग अंगाचा रंग, शेडिंग, दागिन्यांचं सोनेरी आणि शेवटी डोळ्यांची आखणी. नवख्याला पॉलिश पेपर आणि पांढरा हात मिळतो. हात स्थिर दिसला तर त्याच हंगामात पितांबराच्या किनारीपर्यंत पोहोचता येतं. डोळे मागू नका, ते मुख्य मूर्तिकारच करतो आणि तसंच असायला हवं.

शाडूची शाळा निवडा, प्लास्टरची नको. प्लास्टरमध्ये साचा भरला की रंगवण्याखेरीज शिकण्यासारखं फार उरत नाही. शाडूत चूक लगेच कळते. जाड-पातळ झालं की पातळ भाग आधी आकसतो आणि तडा जातो. वाळत आलेल्या धडाला ओला हात जोडला की सांधा सुटतो, म्हणून दोन्ही बाजू ओरखडून मातीचं दाट पाणी लावून जोडतात. लवकर वाळावी म्हणून पंखा लावला की एका अंगाने वाळून मूर्ती कलते. श्रावणात तर चार दिवसांचं काम दहा दिवस घेतं, म्हणून शाळांत दिवे लावून ऊब देतात.

रायगडात पेण आणि त्याच्या जवळची हमरापूर, जोहे ही गावं मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. पण तिथे काम वर्षभर आणि कारखान्याच्या मापाने चालतं. बघायला जरूर जा, शिकायला गावातली छोटी शाळाच बरी.

चित्रकलेसाठी तुमच्या हाकेच्या अंतरावर दोन ठिकाणं आहेत, आणि दोन्ही रेल्वेच्या एकाच मार्गावर. कुडाळ स्टेशनला उतरून पिंगुळीला रिक्षाने जाता येतं. तिथलं ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय गोठ्याच्या जागेत उभं राहिलं. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या एकाच ठिकाणी बघायला मिळतात. हे काम उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन करून जा. अचानक गेलात तर बघून परत याल, कळवून गेलात तर कुणीतरी बसून सांगेल. चित्रकथीचं चित्र सुटं चित्र म्हणून काढलेलं नसतं, कथा सांगताना एकामागून एक पुढे धरण्यासाठी काढलेलं असतं. नक्कल उतरवायला बसण्याआधी एक कथा ऐका. आकृत्या मोठ्या का आणि बाजूने का काढल्यात, डोळे एवढे ठसठशीत का, याचं उत्तर तिथे मिळतं.

पुढे सावंतवाडी. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावला आहे, शहरापासून सात-आठ किलोमीटर, हे धरून चला. राजवाड्यात गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते) रंगवणारे कारागीर काम करताना दिसतात. दशावतारी गंजिफेत पत्त्यांचे १० रंग (इस्पिक-बदामसारखे गट), प्रत्येकात १२ पानं म्हणजे १२० गोल पानं. मुघल पद्धतीत ८ रंग म्हणजे ९६. एक पान रंगवून घरी नेण्याएवढा सराव हवा असेल तर साध्या पुठ्ठ्याची गोल पानं कापून नेऊन तिथे शंका विचारा. काम चालू असताना ब्रश हातात मागू नका. चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळं मिळतात. दुपारी दुकानं बंद असतात, सकाळीच पोहोचा. गिऱ्हाईक नसलेल्या वेळी दुकानदाराशी बोललात तर कुणाच्या घरी खराद (लाकूड फिरवून तासायचं यंत्र) चालू आहे, लाख कोण चढवतं, हे तिथेच कळतं.

आता खरी किल्ली, जी लोक विसरतात: हायस्कूलचे कलाशिक्षक. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांसाठी तेच मुलं बसवतात. शिमग्याच्या सोंगांपासून गॅदरिंगच्या पडद्यापर्यंत तालुक्यात कोण काय रंगवतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मेळ्यांचे मखर, दशावताराचे मुकुट, एसटी स्टँडवरचे जुने बोर्ड, सगळ्यांची साखळी एक-दोन माणसांपाशी जाऊन थांबते. जवळच्या दोन हायस्कुलांत जाऊन कलाशिक्षकांना भेटा. शाळा सुटल्यावर जा, तासाच्या मधे नको. जाताना तुमची चार कामं घेऊन जा, मोबाइलमधले फोटो नव्हे, खरी कामं. गंभीरपणे शिकायचं असेल तर चिपळूण तालुक्यातल्या सावर्ड्याचं सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट हे नाव ते स्वतःच घेतील. तुम्हाला तिथे प्रवेश घ्यायचा नसला तरी तिथले माजी विद्यार्थी कोकणभर पसरलेत, आणि त्यांपैकी एखादा तुमच्या शेजारच्या गावात असू शकतो.

कणकवलीतच वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आहे. ती नाटकाची जागा, पण नेपथ्य रंगवायला, साहित्य बनवायला हात लागतातच. वागद्याला अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारलेला गोपुरी आश्रम आहे, तिथे शिबिरं होतात. दोन्हीकडे ‘काय शिकवता’ पेक्षा ‘पुढचा कार्यक्रम कधी, मदत हवी का’ असं विचारा.

विणकाम, शिवण, काथ्या, बांबू यांची वाट बचतगटातून जाते. ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहत असाल तर उमेद अभियानाची समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे गावात सगळे जिला ‘सीआरपी ताई’ म्हणतात, तिला गाठा. माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) गट असतील तर त्यांचं लोकसंचलित साधन केंद्र. कणकवली शहरात घर असेल तर ग्रामपंचायत नाही, नगरपंचायतीत चौकशी करावी लागेल. लोक चुकीच्या दारात जातात आणि ‘आमच्याकडे नाही’ ऐकून परततात. गटात १० ते २० बायका असतात आणि दर आठवड्याची बचत हा त्यांचा कणा असतो. नुसतं क्रोशा शिकायला येऊन बसलात तर दुसऱ्या बैठकीलाच अवघडल्यासारखं होईल. बचत भरा किंवा स्पष्ट सांगा की मी फक्त एक नमुना शिकवायला आणि दोन शिकायला आले आहे.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था (तालुक्याला ‘आरसेटी’ म्हणूनच माहीत) मोफत निवासी प्रशिक्षण देते. ती साधारण २५ ते ३५ जणांची तुकडी भरल्यावरच वर्ग लावते. म्हणून ‘वर्ग कधी?’ असं विचारून काही मिळत नाही. आजूबाजूच्या तीन-चार गावांतून नावं, आधार क्रमांक आणि फोन जमवून यादी दिलीत तर चित्र बदलतं. वयाची अट असते, ती आधी बघून घ्या. प्रशिक्षणाचा रोख धंद्यावर असतो, बँकेच्या कर्जाचं एक सत्र पचवावं लागेल.

पीएम विश्वकर्मा योजना (सप्टेंबर २०२३ पासून) बऱ्याच जणांना सुचवली जाते. ती छंदासाठी नाही. आधीपासून हाताने तोच व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे, १८ कामं आहेत, त्यांत मूर्तिकार, कुंभार, बांबू-काथ्याचं विणकाम, खेळणी-बाहुल्या येतात. एका कुटुंबातून एकच अर्ज, नोंदणी सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) केंद्रावर, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. तुमच्यासाठी तिचा उपयोग वेगळाच: गावात कुणी अर्ज केले हे सरपंचांना माहीत असतं, म्हणजे गावात कारागीर कोण आहेत याची तयार यादी त्यांच्या डोक्यात असते.

बांबूसाठी कुडाळच्या एमआयडीसीतलं कॉनबॅक हे बांबू-वेताच्या कामाचं केंद्र बघा. घरी करणार असाल तर माणगा जातीचा, किमान तीन वर्षांचा बांबू थंडीत तोडलेला घ्या. पावसाळ्यात तोडलेल्यात साखर-पिष्ट जास्त राहतं, भुंगा लागतो आणि टोपलीखाली पिठासारखी भुकटी पडते. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून चिरलेल्या पट्ट्या आठवडाभर बुडवा, मग सावलीत वाळवा. अन्न ठेवायच्या टोपल्यांना हे करू नका.

एवढं फिरून चार-पाच माणसं सापडली की स्वतःचा गट सुरू करणं अवघड नाही. बहुतेक गट मोडतात ते जागेवरून आणि सामानावरून.

जागा: वाचनालयाचं सभागृह सगळ्यात चांगलं, भाडं माफक आणि वेळेची शिस्त आपोआप. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, पण एकदा लादीवर रंग सांडला की पुढच्या वर्षीपर्यंत ऐकावं लागतं. शिवाय देवस्थानात मानपानावरून दोन तट असतील तर तुमचा गट विनाकारण एका तटात मोजला जातो. ज्याच्या त्याच्या घरी आलटून पालटून करू नका, तिसऱ्या वेळेला चहा-खाण्याचीच स्पर्धा सुरू होते.

पहिला दिवस मातीचा ठेवा, कारण हात लगेच गुंततात. दहा माणसांना २० किलो शाडू, म्हणजे माणशी २ किलो, त्यात सहा-सात इंचांची मूर्ती होते. एक किलो कोरड्या मातीला ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी, तेही थोडंथोडं. आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. सकाळी भिजवलेली माती हाताला चिकटते आणि नवखा माणूस पाणी वाढवत नेतो, मग मूर्ती उभीच राहत नाही. माणशी एक लाकडी फळी, आइस्क्रीमच्या दोन काड्या, एक जुना टूथब्रश पुरे. बाजारातली कोरणी नंतर घ्या.

कागद आणि रंगांचं पावसाळ्यात काय होतं ते पुण्याच्या माणसाला माहीत नसतं. कार्ट्रिज कागद जुलैत ओला फडका होतो, ऑगस्टमध्ये त्यावर करडे ठिपके पडतात. पत्र्याच्या ट्रंकेत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि एकदम वर्षाचा साठा करू नका. कागद चिकटवायच्या चिंचोक्याच्या खळीत पुस्तकबांधणीवाले मोरचूद घालत, म्हणून ती टिकत असे. मोरचूद विषारी आहे, मुलं असतील तर घालू नका. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ रोज शिजवा.

सामान मुंबईहून, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या घाऊक दुकानांतून आणायचं असेल तर प्रत्येक गावाचं मुंबई मंडळ असतंच. मे महिन्यात, शिमग्याला आणि चतुर्थीला चाकरमानी येतात, त्यांच्याबरोबर यादी पाठवा. कुरिअरपेक्षा स्वस्त पडतं, आणि यादी देताना गटाबद्दल बोललात तर मुंबईत निवृत्तीच्या उंबऱ्यावर असलेले दोन-चार जण ‘आम्ही परत आलो की येतो’ म्हणतील. त्यांची नावं लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये, भात कापून झाल्यावर, गट सुरू करा. जून-जुलै लावणीत जातो, ऑगस्ट-सप्टेंबर गणपतीत, आणि तेव्हा बोलावलेल्या बैठकीला तुम्ही आणि वाचनालयाचा शिपाई एवढेच असाल.