‘नंबर’ कशाला म्हणायचं आणि ‘सहा बाय नऊ’ म्हणजे काय

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय : शाळेतल्या डोळे तपासणीत मुलाच्या कागदावर ‘६/९ पी’ लिहून आलं. आजोबांनी हिशेब केला, नऊपैकी सहा, म्हणजे पोराला सहासष्ट टक्के दिसतं. चष्म्याच्या दुकानात मात्र ‘मायनस पाऊण’ सांगितलं. मग नंबर कोणता? आणि ‘सहा बाय नऊ’ला मराठीत काय म्हणावं?

नंबर म्हणजे मायनस पाऊण. आपल्याकडे ‘नंबर’ हा शब्द भिंगाच्या ताकदीसाठी रूढ आहे. ती डायॉप्टर या एककात मोजतात. ६/९ हे नजरेचं माप. एकावरून दुसरं नेमकं काढता येत नाही. मायनस चारवाला मुलगा चष्मा लावून ६/६ वाचू शकतो, आणि मोतीबिंदू पिकलेल्या आजीला कितीही नंबर बदलून दिला तरी ती ६/३६ वरच अडून बसेल. त्यामुळे “त्याचा नंबर सिक्स बाय सिक्स आहे न बाप्पा” हे वाक्य महालापासून प्रतापनगरपर्यंत ऐकू येत असलं तरी चूकच. नजर ६/६ असते, नंबर नव्हे. (‘चाळिशी’ बघा कसा शहाणा शब्द आहे! नंबर नाही, नजर नाही, थेट वयच सांगतो.)

आता तो ‘बाय’. आजोबांनी तो ‘पैकी’ असा वाचला, म्हणून गडबड झाली. ही गुणपत्रिका नाही. दोन्ही आकडे अंतराचे आहेत, मीटरमध्ये. १८६२ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या स्नेलेन या नेत्रतज्ज्ञाने अक्षरांचा तक्ता काढला, त्याचीच ही रीत. मूल ६ मीटरवर बसलं होतं, आणि त्याने वाचलेली ओळ निरोगी नजरेला ९ मीटरवरूनही वाचता येते, एवढाच अर्थ. अमेरिकेत तेच अंतर फुटांत मोजतात, म्हणून तिकडे २०/२०. आणि ६/६ म्हणजे पैकीच्या पैकी असंही नाही. तरणी पोरं कितीदा ६/५ ची ओळ वाचून मोकळी होतात.

सीताबर्डीतल्या एखाद्या चिंचोळ्या दवाखान्यात ६ मीटर कुठून आणायचे? मग तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगतात, समोर ३ मीटरवर आरसा, आणि तक्त्यावरची अक्षरं उलटी छापलेली. ६/६ च्या ओळीतलं अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच, सगळ्यात वरचं ६/६० चं त्याच्या दहापट.

तेवढं मोठं अक्षरही दिसलं नाही, तर पेशंटला तक्त्याजवळ आणतात. ३ मीटरवर दिसलं, की कागदावर येतं ३/६०. खरी मेख इथे आहे. गणितात याचा १/२० करून टाकता येईल, पण मग पेशंट कुठे उभा होता हेच पुसलं जातं. आणि ही बाब क्षुल्लक नाही : आपल्या अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंधत्वाची सीमा २०१७ साली ६/६० वरून ३/६० वर आणली, तीही दोनपैकी चांगल्या डोळ्याची.

म्हणून ‘सहा नवमांश’ नको. ‘सहा छेद नऊ’ही मला पटत नाही, ऐकणाऱ्याचा हात लगेच भागाकाराकडे जातो. ‘सहा बाय नऊ’च राहू द्या. खोलीला आपण ‘दहा बाय बारा’ म्हणतोच की, तिथे कोणी दहाला बाराने भागत नाही. या मापाला शास्त्रीय लेखनात ‘दृष्टितीक्ष्णता’ म्हणतात, लेखात तो शब्द शोभतो. घरात ‘नजर’ पुरे.

राहिला ‘पी’. तो ‘पार्शल’चा : ६/९ ची ओळ वाचली, पण एखाद-दुसरं अक्षर चुकलं. तोंडी सांगताना ‘सहा बाय नऊ, अर्धवट’ म्हणा, डॉक्टरांना बरोबर कळतं.