एकांकिकेतील सायकल शर्यतीत थोरला भाऊ धाकट्याला आपले चाक देऊ शकतो का?

नाही, तुमच्या एकांकिकेतील अबोला धरलेले भाऊ वेगवेगळ्या संघांतून उतरले असतील, तर इंदूरजवळच्या भेरूघाटाच्या चढावर धाकट्याची सायकल पंक्चर झाल्यावर थोरल्याने आपले चाक काढून देणे नियमबाह्य ठरेल. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, रस्त्यावरील शर्यतींसाठीच्या नियमावलीनुसार पाणी, खाद्यपदार्थ किंवा पाना यांची देवघेव कोणीही कोणाशीही करू शकतो. मात्र चाक अथवा सायकल देणे आणि मागे पडलेल्यासाठी थांबणे एकाच संघातील स्पर्धकांपुरतेच मान्य आहे, आणि हाताने ढकलणे तर कोणालाच चालत नाही. २०१५ च्या जिरो द'इटालिया या इटलीतील मोठ्या सायकल शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या सायमन क्लार्कने दुसऱ्या संघातील आपला देशबांधव रिची पोर्ट याला स्वतःचे पुढचे चाक दिले, तेव्हा दोघांच्याही वेळेत प्रत्येकी २ मिनिटांचा दंड जमा झाला. तरीही प्रसंग गाळू नका, आणि सोय म्हणून दोघांना एका संघात तर मुळीच घालू नका. तिथे चाक देणे हे सहकाऱ्याचे नेहमीचे कामच असते. दंड ठाऊक असूनही थोरला आपले चाक झटपट सोडवणारा क्विक रिलीजचा खटका उघडतो, यातच तुमच्या नाटकाचा खरा प्राण आहे. मात्र इंदुरातील एखाद्या स्थानिक खुल्या शर्यतीत आयोजकांचे नियम वेगळे असू शकतात, म्हणून पहिल्याच प्रवेशात पंचांच्या तोंडून हा नियम प्रेक्षकांना ऐकवावा.