दंडाची वही कोण लिहिते?

«ताई, जळगावच्या एका साडीच्या दुकानात मी सात वर्षे सेल्सला आहे. माघातल्या लग्नसराईत चोपड्याकडचे एक कुटुंब बस्त्याला आले होते. तीन तास मी साड्या दाखवत होते. त्यांच्यातल्या लहान मुलाने चहा सांडला आणि शालूला डाग पडला. मुलाला जरा सांभाळा, एवढेच मी म्हणाले, तर नवरदेवाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, ‹नोकर आहेस, नोकरासारखी राहा›, आणि हातातली साडी माझ्या अंगावर फेकली. शेठने मला हात जोडून माफी मागायला लावली. माझा पगार १४,००० आहे, त्यातून १,८०० रुपये कापले. वहीत ती रक्कम मीच लिहिली, कारण शेठचे अक्षर कोणाला लागत नाही, म्हणून सगळ्यांचा पगार आणि दंड मीच लिहिते. दिवाळीत एक नवी मुलगी असेच पैसे कापले म्हणून सोडून गेली. घरी दोन मुले आहेत आणि नवऱ्याच्या कामाचा भरवसा नाही. नोकरी सोडू की मान खाली घालून राहू?»
— एक वाचक, जळगाव

सप्रेम नमस्कार.

जागेअभावी तुमचे पत्र बरेच आखूड करून छापावे लागले. मूळ चार पानांपैकी तीन पाने त्या आत्याबाईंनी व्यापली आहेत. त्यांनी नेसलेल्या साडीच्या रंगापासून, त्या बोलल्यावर दुकानात कोण कोण हसले इथपर्यंत सारे तुम्ही बारकाईने लिहिले आहे. वहीसाठी मात्र तुम्ही एकच वाक्य खर्च केले आहे, आणि तेही शेठच्या अक्षराला नावे ठेवण्याच्या ओघात. मला या पत्रात उत्तर देण्याजोगे तेवढेच वाक्य दिसते.

आत्याबाई उर्मटपणे वागल्या, यात चर्चा करण्यासारखे काही नाही. त्यांचा बस्ता झाला, लग्नही लागले असेल, आणि तुमचे तोंड त्यांना आज आठवतही नसेल. पुन्हा असे झाले तर हातातली घडी खाली ठेवा, शेठला हाक मारा आणि पुढचे गिऱ्हाईक घ्या. तुमचे १,८०० रुपये त्यांनी कापलेले नाहीत.

आता वहीकडे येऊ. दहा मिनिटे उशीर झाला तर अर्धा दिवस, मोबाइल हातात दिसला तर शंभर रुपये, गिऱ्हाईक नसताना गादीवर टेकली तर पन्नास रुपये, अशी यादी तुम्हीच तिसऱ्या पानावर दिली आहे, दुकान किती कडक आहे हे मला कळावे म्हणून. सात वर्षे या नोंदी तुमच्या हातून उतरत आल्या. दिवाळीत सोडून गेलेल्या मुलीचे किती पैसे कापले, हे तुम्ही पत्रात सांगितलेले नाही, परंतु तुम्हाला तो आकडा ठाऊक असणार, कारण तो तुमच्याच अक्षरात आहे. ‹पैसे कापले म्हणून सोडून गेली›, असे तुम्ही लिहिता, जणू कापणारे आणि लिहिणारे कोणी दुसऱ्याच गावचे होते. त्या दिवशी तुम्ही तिच्या बाजूने एक शब्द बोललात का? बोलला असतात तर चार पानांत तो कुठेतरी आला असता. अन्याय काय असतो, हे तुम्हाला स्वतःच्या नावापुढे आकडा मांडावा लागला तेव्हा कळले. तुमच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. ते उशिरा आले, एवढेच माझे म्हणणे आहे.

शेठचे अक्षर वाईट म्हणून वही तुमच्याकडे आली, यावर माझा विश्वास बसत नाही. सुरतेच्या व्यापाऱ्यांचे देणे कोण लिहिते, गल्ल्याचा रोजचा मेळ कोण घालते? तिथे शेठचे अक्षर बरोबर लागते. दंड तुमच्या अक्षरात असला की मुलींचा राग तुमच्यापाशी येऊन थांबतो आणि शेठ गल्ल्यावर बसून सर्वांशी गोड बोलायला मोकळा राहतो. त्या बदल्यात तुम्हाला काय मिळाले, ते तुम्हीच आठवून पाहा: थोडा मान, कदाचित एखादी उचल लवकर, आणि आपण इतरांहून थोड्या वर आहोत ही समजूत. माघातल्या त्या दुपारी शेठने तुम्हाला हात जोडायला लावले, तेव्हा ती समजूत गेली.

हे आपल्या खान्देशाला नवीन नाही. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते आणि त्या दिवशी त्याचा हिशेब होतो. खाडे किती, उचल किती, हे सारे मालकाच्या चोपडीत असायचे आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याने ते ऐकून अंगठा उठवायचा. १९७२ मध्ये शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतींसारखी आदिवासी समाजातली माणसे पुढे आली आणि मजुरीचा प्रश्न शेताच्या बांधावरून चव्हाट्यावर आला. त्या सालदारांना चोपडी वाचता येत नव्हती. तुम्ही तर ती लिहिता.

कायद्याचे थोडक्यात सांगते, कारण ‹दुकान त्यांचे, नियम त्यांचे› असे तुम्ही एका ठिकाणी म्हटले आहे आणि ते चुकीचे आहे. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात जे होते तेच त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे: मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल, तर ते नुकसान कामगाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे झालेले असले पाहिजे आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. गिऱ्हाइकाच्या मुलाने सांडलेला चहा हा तुमचा हलगर्जीपणा होत नाही. दंडाचे नियम तर याहून कडक आहेत. कोणत्या चुकीला दंड होईल, हे सरकारी मान्यतेने आधी लेखी जाहीर केलेले असावे लागते. एका महिन्याचा दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून अधिक होऊ शकत नाही, म्हणजे १४,००० वर फार तर ४२० रुपये. उशिराबद्दल कापायचे तर जितका वेळ माणूस गैरहजर होता तितक्याच वेळेचे कापता येते, त्यामुळे दहा मिनिटांना अर्धा दिवस ही तुमच्या वहीतील नोंद मुळातच बेकायदा आहे. आणि जी गोष्ट बहुतेक दुकानांत कोणालाच माहीत नसते ती अशी, की दंडाचा पैसा मालकाचा होत नाही. तो नोंदवहीत दाखवून कामगारांच्याच हिताच्या मंजूर कामासाठी खर्च करावा लागतो. सात वर्षांचा तो पैसा कुठे गेला, हे शेठला विचारण्यासारखे आहे.

तुमच्या दुकानात गांधीजींच्या नावाने ग्राहकाची थोरवी सांगणारी पाटी आहे आणि शेठ तिच्याकडे बोट दाखवतात, असेही तुम्ही लिहिले आहे. ते वाक्य गांधीजींचे असल्याचा पुरावा आजवर कोणाला सापडलेला नाही. त्यांनी १९१८ मध्ये अहमदाबादेत जे केले त्याचा पुरावा मात्र भरपूर आहे: गिरणी कामगार ३५ टक्के वाढ मागत होते आणि गांधीजी त्यांच्या बाजूने उपासाला बसले होते. शेठला पाटी लावायचीच असेल, तर तेही खाली लिहून घ्यावे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की नोकरी सोडू नका आणि मान खाली घालून राहण्याचा तर विचारही करू नका. येत्या पगाराच्या आधी, दुकानातल्या प्रत्येक मुलीला तिच्या नावाच्या नोंदी वाचून दाखवा. प्रत्येकीला फक्त तिच्याच: तारीख, रक्कम आणि तेव्हा सांगितलेले कारण. त्या नोंदी तिला तिच्या हाताने उतरवून घेऊ द्या. वही दुकानाबाहेर नेऊ नका, तिचे एक पानही फाडू नका. चोरीचा आळ घ्यायला शेठला निमित्त मिळता कामा नये. आपल्या पगारातून काय कापले गेले हे जाणून घेणे हा प्रत्येकीचा हक्कच आहे, वेतनाची पावती देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे यात विश्वासघात वगैरे काही होत नाही. मुली तुम्हाला बोलतील. एखादी रडेल, एखादी सात वर्षांचे सगळे तोंडावर फेकेल. ऐकून घ्या, आत्याबाईंचे ऐकून घेतलेत, त्या मानाने या मुलींचा तुमच्यावर अधिक अधिकार आहे.

मग सर्वजणी मिळून शेठसमोर उभ्या राहा आणि तुम्ही एवढेच सांगा, की जिचे पैसे कापायचे तिचे म्हणणे ऐकल्याशिवाय, लेखी कारणाशिवाय आणि तिच्या सहीशिवाय मी यापुढे वहीत एकही आकडा लिहिणार नाही. आवाज चढवू नका, आत्याबाईंचा विषय काढू नका, १,८०० रुपयांनी सुरुवात तर मुळीच करू नका. तुमच्या रकमेने सुरुवात केलीत, तर शेठ तुमचे १,८०० परत करून तुम्हाला बाजूला काढतील आणि वही पूर्ववत चालू राहील.

ते वही काढून घेतील, ही भीती तुम्हाला वाटत असेल. घेऊ देत, नोंदी तोवर प्रत्येकीपाशी असतील. कामावरून काढतील का? आखाजीला अजून महिना आहे, मे अखेरपर्यंत लग्ने आहेत, आणि कोणत्या कपाटात कोणता माल आहे हे अंधारातही सांगू शकणारी सात वर्षांची बाई ऐन सराईत घालवणे कोणत्याही कापड दुकानदाराला परवडत नाही. हेच बोलणे आषाढात, दुकानात माशा मारत बसण्याच्या दिवसांत केलेत, तर त्यांना घाई नसेल. म्हणून आताच करा. त्यांनी काढलेच, तर सर्व देणी दोन कामाच्या दिवसांत चुकती करावी लागतात, आणि ऐकलेच नाही तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात सर्वजणींच्या उतरवलेल्या नोंदींसह एकत्र अर्ज द्या. एकटीने जाऊ नका.

केरळात कोझिकोडच्या दुकानांतील बायकांना दिवसभर बसण्याची मुभा नव्हती. विजी पेनकूट या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने त्या आधी एकमेकींशी बोलू लागल्या, मग मालकांशी, मग सरकारशी, आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक झाली. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. तुमच्या वहीत गादीवर टेकल्याबद्दल पन्नास रुपयांची जी नोंद आहे, ती वाचून दाखवताना हे त्या मुलीला अवश्य सांगा.

एक काम मात्र या सगळ्याच्या आधीचे. दिवाळीत गेलेल्या मुलीचा नंबर दुकानातल्या कोणाकडे तरी असेलच. बेकायदा कापलेल्या वेतनासाठी तीन वर्षांच्या आत मागणी करता येते, म्हणजे तिचा हक्क अजून शाबूत आहे, आणि तिचे किती कापले हे तिला नक्की सांगू शकेल अशी दुकानात तुम्ही एकट्याच आहात. तिला आज संध्याकाळी दुकानातून सुटल्यावर फोन करा, रक्कम आणि तारीख सांगा, आणि ती कोणाच्या हातची आहे हेही सांगा.