लेवेनहूकची भिंगं आणि तुझा काचेचा मणी

पुणे

प्रिय मुली,

भिंगातून सूक्ष्म जीव पाहणाऱ्या लेवेनहूकवर प्रकल्प करायचा म्हणतेस, तर चरित्र वहीत उतरवून थांबू नकोस. भिंग करून बघ. 1632 साली हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये जन्मलेला हा कापडाचा व्यापारी विद्यापीठात गेला नव्हता, लॅटिन त्याला येत नव्हतं. लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला 1673 पासून जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे 50 वर्षं, त्याने पत्रं पाठवली ती आपल्या डच भाषेत. ती वाचली गेली कारण त्यांत नेमकेपणा होता: पाणी कुठलं, किती दिवसांचं, त्यात काय हललं आणि ते वाळूच्या कणाच्या मानाने केवढं.

त्याची बरीच भिंगं घासून केलेली होती, पण काचेचा गोल मणीही भिंगाचं काम करतो. तू मणी वितळव, ते घरी जमतं. सोडा काचेची 5 मिमी कांडी घे. उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच नको, स्पिरिटच्या दिव्यावर ती मऊच होत नाही. डोळ्यांना गॉगल लाव आणि घरातलं मोठं माणूस जवळ असू दे. कांडी ज्योतीत फिरवत राहा. वाकायला लागली की ज्योतीबाहेर काढून झटकन ओढ. 0.3 मिमी जाडीचा धागा निघाला पाहिजे. धाग्याचं टोक पुन्हा ज्योतीच्या कडेला धर, म्हणजे मणी आपोआप गोळा होतो. साधारण 6 सेंमी धागा आत गेला की 2 मिमीचा मणी होतो. तिथे थांब. त्याहून मोठा मणी स्वतःच्या वजनाने लांबट होतो आणि चित्र फाटतं. पिवळ्या ज्योतीत काजळी धरते. कांडीऐवजी नळी घेतलीस तर मण्यात बुडबुडा अडकतो. दहा मण्यांतले दोन चांगले निघाले तरी पुष्कळ झाले.

2 मिमीच्या मण्याचं नाभीय अंतर, म्हणजे मण्याच्या मध्यापासून नाभीपर्यंतचं, सुमारे 1.46 मिमी, म्हणून वर्धन 170 पटींच्या आसपास. पण मण्याच्या पृष्ठभागापासून नमुना फक्त 0.46 मिमीवर हवा, आणि बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. मणी धरायला भोक पाडलेला पत्रा लागतो. कसब्यातल्या तांबट आळीतला भांड्याचा पत्रा देखणा असतो, पण या कामाला जाड. मधे तोच येतो आणि नमुना नाभीपर्यंत पोचत नाही. शीतपेयाच्या डब्याचा पातळ अॅल्युमिनियम घे, कात्रीने कापता येतो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सर्किट बोर्डाचे 0.8 मिमीचे ड्रिल बिट मिळतात, त्याने भोक पाड. भोकाची कड बारीक पॉलिश पेपरने घास आणि पत्रा काळा रंगव, नाहीतर चकाकीने सगळं धुरकट दिसेल. मणी दोन पत्र्यांमध्ये धर, धाग्याचं शेपूट बाजूला ठेवून. नमुना ठेवायची काचपट्टी 1 मिमी जाड असते, तिच्या बाजूने काहीच दिसणार नाही; नमुन्यावरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, मण्याकडे कर. डोळा मण्याला जवळजवळ चिकटव आणि उजेड पांढऱ्या भिंतीवरचा घे. सूर्याकडे भिंग कधीही धरू नकोस.

आधी कांद्याचा पापुद्रा पाहा, मग कुंडीखालच्या बशीतलं पाणी. शेवटी मिरी. मिरी तिखट का, हे शोधायला लेवेनहूकने ती पाण्यात भिजवली आणि एप्रिल 1676 मध्ये त्यात असंख्य सूक्ष्म जीव पाहिले. तू 10-12 मिरे अर्ध्या कपात 4-5 दिवस ठेव. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते रात्रभर उघडं ठेवून मग वापर. मिरी घातल्यावर मात्र कपावर फडकं बांध, डास अंडी घालतील. जिवाणू या भिंगातून जेमतेम ठिपक्यांसारखे दिसतील. सगळे ठिपके एकाच दिशेला वाहत असतील तर तो पाण्याचा प्रवाह आहे. आपापल्या वाटेने फिरत असतील तरच जीव समज.

लेवेनहूकची एक गोष्ट मात्र घेऊ नकोस. उत्तम भिंगांची रीत त्याने लपवली, आणि त्यामुळे सोसायटीत प्रयोग करून दाखवणाऱ्या रॉबर्ट हुकला मिरीच्या पाण्यातले जीव तिथे दाखवायला नोव्हेंबर 1677 उजाडलं. तू मण्याचा व्यास, भोक, पाण्याची तारीख सगळं लिही. मग काय दिसतं ते न सांगता मैत्रिणीच्या हातात भिंग दे, तिला चित्र काढू दे, आणि ते तुझ्या चित्राशेजारी चिकटव.