टेक्स्चरच्या भिंतीवर थेट पुट्टी मारून ती गुळगुळीत करता येते का? खर्च किती येईल?

येते. पण ते टेक्स्चर, म्हणजे उंचवटे-खड्डे ठेवलेला जाड रंगाचा थर, त्या भिंतीवर मुळात का केलं होतं, हे आधी शोधा. तुमचा कॉन्ट्रॅक्टर हे विचारणार नाही, म्हणून मी लिहितेय.

माझे बाबा रंगारी. चुन्याच्या सफेदीपासून प्लास्टिक इमल्शनपर्यंत सगळं त्यांनी आयुष्यभर डोंबिवली-ठाण्यात केलं, आणि स्वतःच्याच घरात मात्र त्यांचं कोणी ऐकलं नाही. आमच्या हॉलची पश्चिमेकडची भिंत दर पावसाळ्यात ओल धरायची. बाहेरच्या प्लास्टरला तडा होता आणि पावसाची झड थेट त्यावर. दादाचं लग्न ठरलं तेव्हा बाबा म्हणत होते, आधी बाहेरून तडा भरा, भिंत वाळू द्या, मग रंगाचं बघू. दादानं एका इंटिरियरवाल्याला बोलावून तिथे मरून रंगाचं टेक्स्चर करून घेतलं. हॉलची एक भिंत गडद ठेवायची तेव्हा फॅशनच होती. बाबांना उत्तर मिळालं, "आता असं कोणी करत नाही बाबा, हे वॉटरप्रूफ असतं."

पाणी भिंतीच्या मागून येत असेल तर पुढून मारलेलं कुठलंही ऍक्रिलिक ते थांबवत नाही. ते फक्त झाकतं, आणि आत ओल कोंडून राहते.

घराचं काम काढलं तेव्हा नव्या कॉन्ट्रॅक्टरनंही तेच सुचवलं, वरून पुट्टीचे दोन हात मारून टाकू. मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं भिंत ठोकत गेले. खिडकीच्या बाजूला आवाज बद्द यायला लागला. बाबांनी तिथे पत्रा, म्हणजे खरवडायची पातळ पट्टी, घातला तर टेक्स्चर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं अख्खं सुटून आलं. मागे पांढरा खार फुटलेला, आणि प्लास्टर नखानं उकरलं तरी वाळू गळत होती. यावर पुट्टी मारली असती तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे खाली आले असते.

म्हणून पावसाळा संपल्यावर सोसायटीची परवानगी काढून आधी बाहेरून तडा उघडून भरला. आतलं पोकळ प्लास्टर विटेपर्यंत काढलं, नवीन केलं, त्यावर 7 दिवस पाणी मारलं आणि पुढे साधारण महिनाभर भिंतीला हात लावला नाही. कॉन्ट्रॅक्टरला हा महिना फार जड गेला. जाऊ दे.

उरलेल्या भागात टेक्स्चर घट्ट होतं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथलं आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून जेमतेम दीड मिलीमीटरपर्यंतच जाड मारायची असते. टेक्स्चरचे खड्डे सहज 2-3 मिलीमीटर खोल असतात. तेवढे नुसत्या पुट्टीनं भरलेत तर तडे जाणार. आधी पत्र्यानं उंचवटे खरवडायचे, मग जाड पॉलिश पेपरनं रंगाची चकाकी मोडायची, कारण गुळगुळीत प्लास्टिक पेंटवर सिमेंटची पुट्टी धरत नाही. खड्डे लेव्हलिंगच्या जाड पुट्टीनं भरायचे आणि वर बारीक पुट्टीचे दोन पातळ हात. शेवटी 180, मग 320 नंबरचा पेपर, प्रायमर आणि रंग. माल किती जातो याचा अंदाज हवा असेल तर 100 चौरस फुटांवर सरासरी दीड मिलीमीटर थर म्हणजे जवळजवळ 14 लिटर ओला माल. सपाट भिंतीचा हिशोब इथे लावू नका.

पेपर मारून झाल्यावर संध्याकाळी बाबांनी हॉलचे सगळे दिवे बंद केले आणि वायरला लावलेला बल्ब भिंतीला खेटून आडवा धरला. दिवसा सपाट वाटणारी भिंत लगेच खाचखळग्यांनी भरली. बाबा एकेका खड्ड्याभोवती पेन्सिलनं गोल करत गेले, पेंटरचा पोरगा मागून पुट्टी भरत गेला. काम करणाऱ्याकडून हे करून घेतल्याशिवाय रंगाचा डबा उघडू देऊ नका. आणि रंग मॅटच घ्या. चकाकी असलेल्या रंगात प्रत्येक उंचवटा दिसतो.

कोणी पीओपी सुचवेल. ओल येणाऱ्या भिंतीवर ते अजिबात नको.

खर्च भिंत न बघता सांगता येत नाही. खरवडणं, भरणं आणि रंग यांचा चौरस फुटाचा दर वेगवेगळा लिहून मागा. सगळ्याचा एकच दर सांगणारा माणूस खरवडण्यातच वाचवतो.

तुमची भिंत दोन खोल्यांमधली असेल आणि ठोकल्यावर सगळीकडे टणक आवाज येत असेल, तर ओलीचं हे एवढं रामायण तुम्हाला लागू नाही. आणि इमारत जुनी असेल तर आणखी एक. घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. टेक्स्चरखाली जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा.

दादा अजून म्हणतो की तेव्हा बाहेरून काम करायला बजेट नव्हतं. बाहेरून झुला, म्हणजे दोरांवर टांगलेली कामाची फळी, बांधून तडा भरायला जे लागले असते, त्यापेक्षा टेक्स्चरचं बिल जास्त होतं. बिल आईच्या फाइलमध्ये आहे, बाबांनी तेव्हा काढून आणलेल्या झुल्याच्या कोटेशनसकट.