वणव्यापासून घर वाचवायचं तर आवारातली सगळी झाडं तोडावी लागतील का?

तुमचं घर रानाला लागून आहे आणि वणव्याच्या भीतीने सगळी झाडं काढून टाकावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: नको. आधी झाडू आणि शिडी घ्या, कोयता नंतर.

आगीचा लोळ थेट अंगावर येऊन पेटणारी घरं कमीच. बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी, आणि या ठिणग्या एक-दोन किलोमीटरवरूनही येतात. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज गाव जळालं, तेव्हाचे फोटो बघा. घराची राख झालीय आणि बाजूची झाडं हिरवीच उभी आहेत.

म्हणून मी सुरुवात भिंतीपासून करायला सांगतो. भिंतीलगतच्या दीड मीटरमध्ये पेट घेईल असं काहीही नको. तिथे खडी किंवा फरशी चालेल. काथ्याचं पायपुसणं, भिंतीला रचलेलं सरपण, खिडकीखालचं शोभेचं झुडूप, सगळं हलवा. सरपण तर दहा मीटर लांबच हवं. लाकडी कुंपण घराला भिडलेलं असेल तर आग त्यावरून सरळ घरापर्यंत येते. तेवढा शेवटचा तुकडा लोखंडी करून घ्या.

मग शिडी लावून पन्हळीत हात घाला. उन्हाळ्यात तिथला पाला मुठीत धरला की चुरा होतो. एवढ्या कोरड्या पाल्याला एक ठिणगी पुरते, आणि तिथून ती छपराच्या लाकडापर्यंत पोचते. एकदा साफ करून भागत नाही, वाऱ्याचा दिवस गेला की पुन्हा बघावं लागतं. कौलांच्या कडेची भोकं बुजवा. माळ्याच्या झरोक्यांना तीन मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची धातूची जाळी लावा, नायलॉनची वितळते.

झाडांचं काम त्यामानाने थोडं आहे. छपरावर आलेल्या फांद्या छाटा, मोठ्या झाडांच्या जमिनीपासून दोन मीटरपर्यंतच्या फांद्या काढा, त्यांच्याखाली झुडपं ठेवू नका. नाहीतर गवताची आग झुडपावरून शेंड्यापर्यंत चढते. घर उतारावर असेल तर खालच्या बाजूला जास्त लांबपर्यंत साफ करा, कारण आग चढावर फार वेगाने येते.

शेजाऱ्यांशीही आत्ताच बोला. घरं जवळजवळ असतील तर त्यांचं पेटलेलं घर तुमच्यासाठी रानापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

आणि घर सोडायला सांगितलं की लगेच निघा. जाताना खिडक्या-दारं घट्ट लावा, वेळ असेल तर अंगणातल्या खुर्च्या-गाद्या आत टाका, गॅस बंद करा. नळ किंवा फवारे मात्र चालू ठेवून जाऊ नका. त्याने पाण्याचा दाब उतरतो आणि अग्निशमन दलाला ऐनवेळी पाणी पुरत नाही.