चर्च मला मोकळं करील का?

"नवरा आता उठेल असं वाटत नाही. चर्च हे लग्न मोडून देईल का?" खानापूर, बेळगाव कॅम्प, निपाणीकडचे कॅथलिक माझ्याकडे येतात, तासभर दुसरंच बोलतात आणि हा प्रश्न निघताना चप्पल घालता घालता विचारतात. पुरुषही विचारतात. ओळख पटू नये इतके तपशील बदलून एकीची गोष्ट सांगते.

वय अडतीस. नवऱ्याला पक्षाघात झालेला, उजवी बाजू आणि वाचा गेलेली. माहेरचे मागे लागले होते, फादरना भेटून लग्न रद्द करून घे म्हणून. ती म्हणाली, "असलं मनात येतंय ते पाप काय ओ, मॅडम? कुमसाराला जायचं धाडस होईना." कुमसार म्हणजे फादरजवळ पापांची कबुली.

आडपडदा न ठेवता सांगितलं. चर्चच्या 1983च्या कायद्यातलं 1141वं कलम स्पष्ट आहे: दोन बाप्तिस्मा झालेल्यांचं रीतसर लागलेलं आणि शरीरसंबंधाने पूर्ण झालेलं लग्न फक्त मृत्यूने सुटतं. रद्द ठरवताना लग्नाच्या दिवशी काय होतं तेच तपासतात. गंभीर मानसिक आजार तेव्हाच होता किंवा संसार उधळेल असं काही फसवून लपवलं होतं, तर बिशपांच्या न्यायालयात जरूर जावं. नंतर आलेला पक्षाघात त्यात बसत नाही. आणि नुसता विचार मनात येणं हे पाप नव्हे. गंभीर पापाला पूर्ण जाणीव आणि राजीखुशी लागते.

ती मान डोलावत राहिली, पण खांदे काही सैल झाले नाहीत. अशा वेळी मी नियम बाजूला ठेवून घराकडे बघते. माणूस एकटा कधीच आजारी पडत नाही, अख्खं घर पडतं, असं मी मानते. विचारलं, "समजा, उद्या मोकळ्या झालात. पहिल्या दिवशी काय कराल?"

"झोपेन."

"मग?"

"उठून त्यांना आंबील देईन. दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत ते."

आणि ती स्वतःच हसली, मग रडली. तिला हवी होती सलग झोप, आणि ती मागायला तिला घटस्फोटाएवढं मोठं कारण लागत होतं! बरोबर वेळी विचारलेल्या अशा एका साध्या प्रश्नावर माझा उपदेशापेक्षा जास्त भरवसा आहे.

पुढचं काम खरं किचकट. 'सुखात-दुःखात, आजारात' या शपथेचा अर्थ सगळं एकटीने उपसायचं असा चर्चने कधी लावलेला नाही. सेवेला बाई ठेवली, नणंदेला बोलावलं, तर निष्ठा कमी होत नाही. आजारी माणूस मारहाण करून जिवावर उठला, तर 1153वं कलम वेगळं राहायचीही मुभा देतं. लग्न तेवढं टिकून असतं. सासूबाई फादरना घरी बोलावू देत नव्हत्या, तेल लावायला आले म्हणजे शेवट आला, असं म्हणून. आजाऱ्याला पवित्र तेल लावायचा तो संस्कार मरणाऱ्यासाठीच नाही, गंभीर आजाऱ्यासाठी आहे, आजार वाढला तर पुन्हा घेता येतो, हे फादरनीच येऊन समजावलं.

रात्रपाळीचं मात्र तिलाच बोलायला लावलं. दीर म्हणाला, "फक्त रविवारी जमतंय, वहिनी."

"रविवारी मिस्साला जायचंय मला. शनिवारी रात्रीच या."


तो शनिवारी येऊ लागला.